वॅटचा आकडा शेवटी बघा: ओव्हरक्लॉक केलेल्या गेमिंग पीसीसाठी एसएमपीएस कसा निवडावा

नवा गेमिंग पीसी जुळवणारा माणूस प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर महिनाभर खल करतो आणि यादीच्या तळाशी ‘एसएमपीएस, ७५० वॅट, कोणताही’ एवढं लिहून मोकळा होतो. दुकानदार मग खरोखरच कोणताही देतो. साध्या वापरात हे बरेचदा खपून जातं. ओव्हरक्लॉक करायचं, म्हणजे प्रोसेसर किंवा कार्ड ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायचं ठरवलं की खपत नाही, कारण तेव्हा एसएमपीएसकडून नुसती जास्त वीज नव्हे, तर झटक्यांनी वरखाली होणारी वीज मागितली जाते. खोक्यावरचा वॅटचा आकडा याबद्दल फारसं काही सांगत नाही. (एसएमपीएस, पीएसयू आणि पॉवर सप्लाय ही पीसीला वीज पुरवणाऱ्या एकाच डब्याची नावं. दुकानात पहिलं चालतं, म्हणून इथेही तेच.)

पायरी १: भार कागदावर मांडा

एक खरं मशीन धरू. कोअर आय७-१४७००के प्रोसेसर, आरटीएक्स ५०७० टीआय कार्ड, दोन एम.२ एसएसडी, सहा पंखे आणि लिक्विड कूलर.

या प्रोसेसरची कमाल टर्बो (पूर्ण वेगाची) वीजमर्यादा इंटेलने २५३ वॅट दिली आहे. माहितीपत्रकात ठळक दिसणारा १२५ वॅटचा आकडा मूळ वेगाचा आहे, त्यावर हिशेब मांडू नका. ओव्हरक्लॉक केल्यावर लागणारी शक्ती वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. खरी मेख त्या वर्गात आहे. ५.३ गिगाहर्ट्‌झचे ५.५ केले तर वाढ जेमतेम ४ टक्के. पण तेवढ्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३५ वर न्यावं लागलं, तर १७ टक्के तिथेच वाढले. दोन्हींचा गुणाकार केला की २५३ चे ३०६ वॅट होतात. शिवाय मदरबोर्डावरचं व्हीआरएम हे सर्किट १२ व्होल्टचे सव्वा-दीड व्होल्ट करताना दहाएक टक्के वीज उष्णतेत घालवतं. म्हणजे एसएमपीएसकडून प्रत्यक्षात ओढले जातात ३४० च्या आसपास.

कार्ड ३०० वॅटचं. पॉवर लिमिट (कार्डाला वीज ओढायची मुभा) १० टक्के वर नेली की ३३० (किती वर जाऊ देतात ते कार्डागणिक वेगळं). बोर्ड आणि रॅम ५०, एसएसडी १५, पंखे १५, पंप १०, लाइट आणि यूएसबीला लावलेल्या वस्तू १५, असे किरकोळीचे १०५.

बेरीज ७७५ वॅट. हा आकडा प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकदम पिळून काढणाऱ्या टेस्टमध्येच गाठला जातो. गेम खेळताना प्रोसेसर दीडशेच्या आसपास राहतो आणि एकूण भार ५८० पर्यंत जातो. तेव्हा या मशीनला ८५० वॅटचा चांगला एसएमपीएस नेमका बसतो. गेममध्ये तो ६८ टक्क्यांवर चालेल आणि टेस्टमध्येही श्वास घ्यायला जागा उरेल. ७५० चा रोजच्या खेळात चालेल, टेस्टला मात्र हद्दीबाहेर जाईल. आणि १००० चा? पुढे आरटीएक्स ५०९० सारखं ५७५ वॅटचं कार्ड घालायचा बेत असेल तरच. नाहीतर तोच पैसा ८५० मधल्या वरच्या दर्जाच्या मॉडेलवर घाला.

मशीन लहान असेल तर उगाच घाबरू नका. रायझन ५ ७६००एक्स आणि १६० वॅटचं आरटीएक्स ४०६० टीआय, दोन्ही ओव्हरक्लॉक करूनही सव्वाचारशेच्या पुढे सहसा जात नाहीत. तिथे ६५० पुरे.

पायरी २: झटक्यांचा विचार करा

वर मांडले ते सरासरी आकडे. ग्राफिक्स कार्ड सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरतं सरासरीच्या दुप्पट वीजही ओढू शकतं. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आली तेव्हा कागदावर पुरेसे असलेले एसएमपीएस ऐन खेळात बंद पडू लागले, त्याचं कारण हेच. झटका आला की आतलं संरक्षक सर्किट ‘भार हद्दीबाहेर’ असं समजून सगळं तोडून टाकतं.

यावर इंटेलने २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे मानक आणलं. कार्डासाठी नवा १६ पिनांचा कनेक्टर असलेल्या, ४५० वॅटच्या वरच्या एसएमपीएसने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार सोसला पाहिजे, असं त्यात आहे. २०२३ मध्ये एटीएक्स ३.१ आलं आणि त्यासोबत सुधारलेला १२व्ही-२×६ कनेक्टर. आज नवा घेताना खोक्यावर ३.० किंवा ३.१ शोधा. जुना, एटीएक्स २ च्या काळातला पण चांगल्या घराण्याचा एसएमपीएस हाताशी असेल तर तो टाकून द्यायची गरज नाही. फक्त मोठ्या कार्डासोबत त्याला १०० ते १५० वॅट जास्तीचे धरा.

पायरी ३: लेबल वाचा

डब्याच्या बाजूला एक तक्ता चिकटवलेला असतो. त्यात ३.३, ५ आणि १२ व्होल्टचे रकाने असतात. आजचा पीसी जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवर घेतो, म्हणून त्या रकान्यातले अँपिअर बघा आणि १२ ने गुणा. ८५० वॅटच्या खऱ्या एसएमपीएसवर ७० अँपिअरच्या आसपास असतात, म्हणजे ८४० वॅट. समोरच्या डब्यावर ‘५०० वॅट’ असं मोठ्या अक्षरांत आणि १२ व्होल्टखाली २० अँपिअर लिहिलं असेल, तर तुमच्या कामाचे २४० वॅटच. उरलेले ३.३ आणि ५ व्होल्टवर दाखवून बेरीज फुगवलेली असते.

मागच्या बाजूला ११५/२३० असा लाल सरकता स्विच दिसला तर पुढचं काही वाचू नका. त्यात अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतली वीज सुरळीत ओढणारं सर्किट) नाही, डिझाइन जुनं आहे. कॅबिनेटसोबत फुकट येणारे एसएमपीएस बहुधा याच जातीचे. कॅबिनेट ठेवा, तो बाजूला काढा.

लेबलवर बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही असतो. तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून बघा, मिनिटभराचं काम आहे.

पायरी ४: ब्राँझ, गोल्ड वगैरे

‘८० प्लस’चं पदक कार्यक्षमता सांगतं, दर्जा नाही. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती पीसीला पोचली, एवढंच. ११५ व्होल्टवरच्या चाचणीत अर्ध्या भारावर ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के गाठावे लागतात. चाचणी २३ अंशांच्या आसपास होते. मे महिन्यात नागपुरात बंद कॅबिनेटच्या आत काय तापमान असतं, याच्याशी तिचा संबंध नाही.

वीजबिल वाचेल म्हणून गोल्ड घेताय? हिशेब करून बघू. ५८० वॅटच्या भाराला आपल्या २३० व्होल्टवर गोल्ड भिंतीतून साधारण ६३७ वॅट घेईल आणि ब्राँझ ६८२. रोज चार तास खेळलात तर महिन्याला साडेपाच युनिटांचा फरक. युनिटमागे १० रुपये धरले तरी पन्नास-पंचावन्न रुपये. मग गोल्ड का घ्यायचा? कारण तेवढी कार्यक्षमता गाठायला कंपनीला बहुधा आधुनिक सर्किट वापरावं लागतं. १२ व्होल्टची एकच दमदार लाइन आणि तिच्यापासून ३.३ आणि ५ व्होल्ट वेगळे तयार करायचे, अशी त्याची रचना असते. जुन्या रचनेत १२ आणि ५ व्होल्ट एकत्र सांभाळले जातात, आणि १२ वर ताण आला की दोन्हींचा तोल जातो.

पण पदक म्हणजे हमी नव्हे. गिगाबाइटच्या जीपी-पी७५०जीएम आणि पी८५०जीएम या दोन्ही मॉडेलांवर गोल्डचा शिक्का होता. जादा भाराचं संरक्षण १२० ते १५० टक्क्यांवर लागू होईल असं ठेवलेलं होतं. चाचण्यांमध्ये नग धडाधड जळाले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने ती मर्यादा ११० ते १२० टक्क्यांवर आणून जुने नग बदलून द्यायची तयारी दाखवली. संरक्षण ‘आहे’ म्हणून भागत नाही, ते वेळेवर लागू व्हावं लागतं.

पायरी ५: डब्यावरचं नाव आणि आतला कारागीर

बहुतेक ब्रँड एसएमपीएस स्वतः बनवत नाहीत. सीझॉनिक, सुपर फ्लॉवर, सीडब्ल्यूटी, एफएसपी, ग्रेट वॉल असे मोजके कारखाने ते बनवतात आणि वर नाव दुसऱ्याचं लागतं. ईव्हीजीएच्या सुपरनोव्हा मालिकेत जी२ सुपर फ्लॉवरने बनवला आणि जी५ एफएसपीने. त्यामुळे ‘अमुक कंपनीचा चांगला असतो’ हे वाक्य अर्धवट आहे. मॉडेलचं पूर्ण नाव घ्या आणि त्याच मॉडेलची अशी चाचणी शोधा जिच्यात भार देणारं यंत्र आणि ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर दाखवणारं यंत्र) वापरला आहे. खोकं उघडून केबल दाखवणारा व्हिडिओ म्हणजे चाचणी नव्हे.

चाचणीत या गोष्टी बघा:

१२ व्होल्टची लाइन पूर्ण भाराखाली किती खाली येते. मानकाप्रमाणे ५ टक्के इकडेतिकडे, म्हणजे ११.४ ते १२.६ व्होल्ट चालतात. चांगला एसएमपीएस १ टक्क्याच्या आत राहतो.

रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली थरथर. १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टपर्यंत परवानगी आहे. ३०-४० च्या आत असेल तर उत्तम. इथे एक भ्रम काढून टाका: महागडा एसएमपीएस लावला म्हणून ओव्हरक्लॉक १०० मेगाहर्ट्‌झने वर जात नाही. बरीचशी थरथर बोर्डाचं व्हीआरएम गाळून टाकतं. रिपल कमी असेल तर व्हीआरएमचे आणि कार्डाचे कपॅसिटर (वीज साठवणारे सुटे भाग) जास्त टिकतात, फायदा तो.

पूर्ण वॅट किती तापमानाला मिळतात. ४० किंवा ५० अंश लिहिलेलं हवं. आपल्याकडे ५० चाच घ्या.

कपॅसिटर १०५ अंशांचे हवेत. तापमान १० अंशांनी उतरलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं. निप्पॉन केमी-कॉन, रुबिकॉन, निचिकॉन ही जपानी नावं भरवशाची. मात्र प्राथमिक बाजूला (भिंतीतली वीज येते तिकडे) एकच जपानी कपॅसिटर बसवून खोक्यावर ‘जपानी’ छापायची चलाखीही चालते.

वॉरंटी हा सगळ्यात सोपा निकष. कंपनी १० वर्षं लिहून देत असेल तर तिने आतल्या मालाचा हिशेब केलेला असतो. ओव्हरक्लॉकसाठी ७ वर्षांखाली जाऊ नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या की ऑनलाइन, पक्कं जीएसटी बिल घ्या आणि नग बदलून देणारं सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे का ते आधीच विचारा. बाहेरच्या देशातून कुणी आणून दिलेल्या नगाला इथे वॉरंटी मिळेलच असं नाही.

पायरी ६: केबल

चांगले एसएमपीएसही इथेच बदनाम होतात.

प्रोसेसरसाठी बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात ८ पिनांचे एक किंवा दोन सॉकेट असतात. साध्या वापराला एक भरलं तरी चालतं. आपल्या ३४० वॅटच्या प्रोसेसरला दोन्ही भरा. एका कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या चारच पिना असतात, सगळा प्रवाह त्यांच्यावर सोडला की त्या तापतात. एसएमपीएसमध्ये अशा दोन केबल आहेत ना, हे घेण्याआधीच मोजा.

कार्डाचा ८ पिनांचा कनेक्टर १५० वॅटचा. पुष्कळदा एकाच केबलला टोकाशी असे दोन कनेक्टर असतात. कार्डाला दोन लागत असतील तर दोन वेगळ्या केबल एसएमपीएसपासून ओढा. ओव्हरक्लॉक केलेल्या कार्डाचा भार एकाच केबलवर टाकला की तारेतच व्होल्टेज पडतं आणि कार्ड अडखळतं. साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या) कनेक्टरवरून कार्डाला वीज देणारे स्वस्त जोड मिळतात, ते घेऊ नका. साटा कनेक्टर १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरचा, म्हणजे ५४ वॅटचा. त्यावर ७५ वॅट ओढले की प्लास्टिक वितळतं.

१६ पिनांचा कनेक्टर ६०० वॅटपर्यंतचा. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळू लागले, तेव्हा कनेक्टर पूर्ण आत न बसणं हे एक मुख्य कारण निघालं. १२व्ही-२×६ मध्ये चार छोट्या संवेदक पिना आखूड केल्या आहेत, म्हणजे अर्धवट बसला तर कार्ड वीज घेतच नाही. तरीही हाताने खात्री करा. कनेक्टर सरळ धरून दाबा, खटका लागल्याचं जाणवलं पाहिजे, आणि बाजूने टॉर्च मारून बघा, फट दिसता कामा नये. कनेक्टरपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल सरळ ठेवा, वळण त्यानंतर द्या. कॅबिनेटची काच केबलवर दाबत असेल तर कॅबिनेट अरुंद आहे, दोष केबलचा नव्हे. एसएमपीएसला मूळचीच १६ पिनांची केबल असेल तर तीच वापरा, जोड टाळा.

पायरी ७: घरातली वीज

कॅबिनेटला पाठीमागे हात लागला की मुंग्या येतात? तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर गळतीचा प्रवाह अर्थकडे सोडतात. अर्थच नसेल तर कॅबिनेट निम्म्या व्होल्टेजवर, ११५ च्या आसपास, तरंगत राहतं. प्रवाह अगदी थोडा असतो, पण तो एचडीएमआय केबलवाटे टीव्हीत आणि कार्डात वाट शोधतो. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटमध्ये फेज-अर्थ मोजा. ते फेज-न्यूट्रलइतकंच, २३० च्या जवळ यायला हवं. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. सवय नसेल तर मोजायचं कामही त्यालाच सांगा. आणि तीन पिनांचा प्लग दोन पिनांत बसवणारा तो अ‍ॅडॉप्टर घरातून हद्दपार करा.

यूपीएस घेताना ‘६०० व्हीए’ म्हणजे ६०० वॅट नव्हेत. बहुतेक स्वस्त मॉडेलांत ते ३६० वॅट असतात. भिंतीतून ६३७ वॅट आणि वर मॉनिटर, म्हणजे कमीतकमी १५०० व्हीए, ९०० वॅटचा हवा. तोही शुद्ध साइन वेव्हचा. पायऱ्यापायऱ्यांची लहर देणाऱ्या यूपीएसवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीचे काही एसएमपीएस गुणगुणतात, काही वीज गेल्याच्या क्षणीच बंद पडतात. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर इन्व्हर्टरचा मागचा स्विच ‘यूपीएस’ मोडवर ठेवा. एसएमपीएस वीज गेल्यावर स्वतःच्या कपॅसिटरवर १२ ते १७ मिलिसेकंदच तग धरतो, साध्या मोडवर इन्व्हर्टर त्याहून उशिरा सुरू होतो.

पायरी ८: बसवणं

खाली जाळी असेल तर पंखा खाली करून बसवा. जाळी नसेल, किंवा कॅबिनेट गादीवर, गालिचावर ठेवायची सवय असेल, तर पंखा वर. कोकणात आणि मुंबईत ओलसर धूळ जाळीवर लगदा करून बसते, ती महिन्याला काढा. कमी भाराला पंखा फिरत नाही म्हणून घाबरून जाऊ नका, अनेक मॉडेलांत ती सोय मुद्दाम दिलेली असते.

पायरी ९: ओव्हरक्लॉक करण्याआधी तपासा

पहिली चाचणी सगळं मूळ सेटिंगवर ठेवून. ओसीसीटी या सॉफ्टवेअरमधली पॉवर टेस्ट प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींना एकदम भार देते. ती अर्धा तास चालवा. चालू असताना रिकाम्या मोलेक्स (चार मोठ्या पिनांच्या) कनेक्टरवर मल्टिमीटर लावा: पिवळी तार १२ व्होल्ट, शेजारची काळी ग्राउंड. तारा सगळ्याच काळ्या असतील तर टोकाच्या दोन पिनांपैकी एक १२ दाखवेल, दुसरी ५. पिना एकमेकींना टेकू देऊ नका. रिकामं मशीन १२.१ आणि भाराखाली ११.९ म्हणजे छान. ११.५ च्या खाली घसरू लागला तर नग परत करा. सॉफ्टवेअरमधल्या १२ व्होल्टच्या आकड्यावर जाऊ नका, बोर्डाचा सेन्सर बरेचदा चुकीचं सांगतो.

एवढं पार पडलं की मग ओव्हरक्लॉक, तोही आधी प्रोसेसर, नंतर कार्ड. दोन्ही एकदम वाढवलेत तर चूक कुठली हे कळणार नाही.

बंद पडला तर दोष कोणाचा?

निळा स्क्रीन आला, गेम गोठला किंवा डेस्कटॉपवर परत आला, तर बहुतेक वेळा ओव्हरक्लॉकच अस्थिर असतो. त्यातही डब्ल्यूएचईए नावाची (विंडोजने नोंदवलेली हार्डवेअरची) चूक दिसली तर प्रोसेसरचं व्होल्टेज बघा. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत जादा व्होल्टेजमुळे प्रोसेसरच अस्थिर होण्याचा प्रश्न २०२४ मध्ये गाजला. तेव्हा १४७००के असेल तर बायॉस (मदरबोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अद्ययावत केल्याशिवाय एसएमपीएसवर आळ घेऊ नका.

दिवा विझावा तसा पीसी क्षणात मेला, पंखेही थांबले आणि मागचा स्विच बंद करून पुन्हा लावल्याशिवाय उठत नसेल, तर एसएमपीएसच्या संरक्षणाने तोडलं आहे. कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून तोच गेम खेळा. आता टिकला तर एसएमपीएस अपुरा आहे किंवा केबल. आधी कार्डाच्या केबल वेगळ्या करून बघा, पैसे लागत नाहीत. विंडोजच्या नोंदीत ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल, पण त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट बंद न होता गेलं. तो एसएमपीएसविरुद्धचा पुरावा नव्हे.

डबा उघडू नका. मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही पावणेचारशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

आणि नवा एसएमपीएस आणला की जुन्याच्या मॉड्युलर (डब्यापासून सुट्या होणाऱ्या) केबल तशाच ठेवून नुसता डबा बदलायचा मोह होतो, कारण केबल बांधण्यात तुमची अख्खी दुपार गेलेली असते. बोर्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडच्या टोकाचं मानकच नाही. प्लग बसतो, पण पिना वेगळ्या लागतात, एसएसडीला ५ च्या जागी १२ व्होल्ट मिळतात आणि ती पहिल्याच सेकंदाला जाते. एकाच ब्रँडच्या दोन मालिकांतही हे होतं. जुन्या केबल जुन्या डब्यासोबतच पिशवीत घाला.